लॉबीतली रेघ

धंतोलीतल्या त्या हॉटेलात बावीस खोल्या होत्या आणि शेवटच्या खोलीचा नंबर एकोणऐंशी होता. पहिल्या खोलीवर दोन, दुसरीवर तीन, मग पाच, सात, अकरा, तेरा. चार नंबरची खोली नव्हती. सहा, आठ, नऊ, दहा याही नव्हत्या. ज्या आकड्यांना दुसऱ्या कुठल्याच आकड्याने भाग जात नाही, तेवढेच पितळी आकडे दारांवर ठोकलेले होते. नवं गिऱ्हाईक सतराची किल्ली घेऊन जिना चढे, तेराच्या शेजारी एकदम सतरा दिसल्यावर थबके, मागे जाऊन पुन्हा मोजे आणि खाली येऊन विचारी की मधल्या खोल्या कुठे आहेत.

ही व्यवस्था दोन मालक भावांपैकी थोरल्यांची. धाकट्यांना ती कधी पटली नाही आणि त्यांनी ती कधी बदललीही नाही. एकदा नवे आलेले पोलीस इन्स्पेक्टर मुक्कामी माणसांची तपासणी करायला आले. रजिस्टर पाहून त्यांनी वर जायची तयारी केली.

"चार नंबरपासून सुरू करू," ते म्हणाले.

"चार नाही," थोरले म्हणाले.

"काहून नाही?"

"चारले दोननं भाग जाते."

इन्स्पेक्टरांनी काउंटरमागे उभ्या असलेल्या धाकट्यांकडे पाहिलं.

"साहेब, खोल्या बावीसच आहेत," धाकटे म्हणाले. "बाकीच्या दादाच्या डोक्यात आहेत. तिथं पाहुणे ठेवत नाही आम्ही."

इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळ्या खोल्या उघडायला लावल्या आणि दोन ठिकाणी भिंतीवर दांडा आपटून पाहिला. जाताना मात्र चहा घेतला.

मी त्या हॉटेलच्या गच्चीवरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिलो. काम वर्तमानपत्रात, पाळी संध्याकाळची, त्यामुळे दिवस मोकळा असे. मार्च ते जून गच्चीवरच्या खोलीत बसणं शक्य नसे. मी खाली लॉबीत येऊन बसे. थोरल्यांविषयी मला जे माहीत आहे, ते बहुतेक या बसण्यातून आलेलं आहे.

ते उंच होते, खांद्यात थोडे वाकलेले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा आणि वर तपकिरी जाकीट, भर मे महिन्यातसुद्धा. गळ्यात दोन चष्मे दोऱ्यांनी अडकवलेले असत, एक जवळचा आणि एक लांबचा. त्या दोऱ्यांचा गुंता सोडवत ते बोलत. गणितात एम.एस्सी. झाले होते. दोन वर्षं एका कॉलेजात शिकवलं. मग वडील वारले आणि त्यांना परत यावं लागलं. कोर्टाच्या कामाला येणाऱ्या लोकांसाठी वडिलांनी काढलेल्या खानावळीचं तोवर हॉटेल झालं होतं. आजूबाजूला दवाखाने वाढत होते आणि गिऱ्हाईक वकिलांकडून डॉक्टरांकडे वळलं होतं. कॉलेज सुटल्याबद्दल त्यांना काय वाटलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. धाकटे सांगत, की दादा परत आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने दारांवरचे नंबर उपटून काढले.

लग्न त्यांनी केलं नाही. स्वयंपाकघरात ते जात नसत आणि गल्ल्यावर बसत नसत. ते लॉबीत असत. तिला ते 'लॉबी' म्हणत, बाकी सगळे 'हॉल' म्हणत. रेक्झिनचे चार सोफे, वाळ्याचा मोठा कूलर, कुंडीतला पाम आणि काउंटरवर हॉटेलातला एकमेव टेलिफोन, एवढंच तिथे होतं. घड्याळ नव्हतं. ते थोरल्यांनी काढून टाकलं होतं.

"घड्याळ दिसलं का माणूस उठते," ते म्हणत.

"दादा, लोकायची गाडी चुकते," धाकटे म्हणत.

"ज्याची गाडी आहे त्याच्या हातात घड्याळ असते. ज्याच्या हातात नाही, त्याले काहून दाखवायचं?"

त्यांचं म्हणणं असं, की खोलीत माणूस नुसता झोपतो. तो खरा राहतो ते वाट पाहायच्या जागी. दवाखान्याच्या वेळेची वाट, रिपोर्टची वाट, मुलाच्या येण्याची वाट. आलेल्या माणसाला ते नाव-गाव विचारत नसत. तिथे बसलेल्याला एकच प्रश्न करत: "कोणासाठी थांबले?" उत्तर ऐकून घेत, मान हलवत आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसत.

रंगीत टीव्ही नुकता आला होता. धाकट्यांनी हौसेने मोठा सेट घेऊन लॉबीत ठेवला. कार्यक्रम संध्याकाळी सुरू होत, म्हणजे दिवसभर त्या सेटला काम नसे. त्याच सुमारास थोरल्यांचा लंडनमधला भाचा सुटीवर आला आणि जाताना एक छोटा कॉम्प्युटर मामाला देऊन गेला. शाळेच्या पाटीएवढा, रबरी बटणांचा. त्याची वायर टीव्हीला जोडायची आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून प्रोग्राम त्यात भरायचा. भरताना टेपमधून किंचाळल्यासारखा आवाज येई आणि तो चार-पाच मिनिटं चाले. आचारी त्या वेळी मागच्या अंगणात जाऊन बसे.

वर्षभर थोरले मागच्या खोलीत जुन्या काळ्या-पांढऱ्या सेटसमोर बसून काहीतरी लिहीत, खोडत राहिले. मग एका सकाळी त्यांनी कॅसेट लावली आणि लॉबीतल्या मोठ्या टीव्हीवर चित्र सुरू झालं.

आधी काळ्या पडद्यावर ठिपके येत, ओळीने, एकेक करत. मग डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून एक रेघ निघे. ती एका ठिपक्याला वळसा घाली, दुसऱ्याला घाली, पुढे जाई, मागे येई, स्वतःला ओलांडे. तिचा रंग सावकाश बदलत असे, निळ्यातून हिरवा, हिरव्यातून पिवळा. एकूण सव्वा तास ती चाले. सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून ती जिथून निघाली तिथे परत यावी, अशी आखणी होती. मग चित्र काही मिनिटं स्थिर राही, पडदा काळा होई आणि पुन्हा ठिपके.

"रांगोळी छान आहे," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"रांगोळी नाही," ते म्हणाले. "रांगोळीत हात उचलता येते. इथं हात उचलला नाही. एकच रेघ आहे."

दूरच्या देशांत काही लोक टीव्हीच्या सेटवर चित्रं करतात आणि ती प्रदर्शनात मांडतात, असं भाच्याने त्यांना सांगितलं होतं. त्याला व्हिडिओ आर्ट म्हणतात, हेही सांगितलं होतं. थोरल्यांनी हा शब्द एकदाच माझ्यासमोर उच्चारला आणि पुन्हा वापरला नाही. ते त्याला 'चित्र' म्हणत. त्यांचा उद्देश साधा होता. कोणीतरी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं. न सांगता, न बसवता, आपल्या मनाने.

त्यासाठी त्यांनी आपली खुर्ची हलवली. टीव्हीच्या शेजारी, सोफ्यांकडे तोंड करून ते बसत. कोण पाहतंय ते तिथून दिसे. चित्र त्यांच्या खांद्यामागे चालू असे.

लॉबीत माणसं भरपूर बसत. उन्हाळ्यात तर रस्त्यावरचा माणूसही कूलरसाठी आत येई, सोफ्यावर टेकून डोळे टीव्हीकडे लावी. थोरले त्यांच्याकडे समाधानाने पाहत.

"ते चित्र नाही पाहून राहिले, दादा," धाकटे काउंटरवरून म्हणत. "ते वारा खाऊन राहिले."

"डोळे कुठं आहेत त्यांचे?"

"डोळे कुठंतरी ठेवावे लागतात माणसाले."

औषध कंपनीचा एक विक्रेता दर महिन्याला येई आणि दुपारी तासभर टीव्हीकडे एकटक पाहत बसे. थोरल्यांची त्याच्यावर मोठी भिस्त होती. पुढे कळलं, की त्याला उघड्या डोळ्यांनी झोपायची सवय होती. पण सगळ्यांत जास्त वेळ बसत ती खेड्यांतून दवाखान्यासाठी आलेली कुटुंबं. टीव्ही त्यांना नवा होता, पण त्याची रीत त्यांना ठाऊक होती. संध्याकाळचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर रंगांचे पट्टे दिसतात, तेव्हापासून बसावं लागतं, तरच पुढची जागा मिळते. हे ठिपके आणि ही रेघ म्हणजे तसेच पट्टे, असा त्यांचा समज होई. ती माणसं पोरांना मांडीवर घेऊन शिस्तीत बसत. अर्ध्या तासाने त्यांतली एखादी म्हातारी विचारी, "काहून वं, अजून सुरू नाही झालं?" आणि सून सांगे, "होईन ना मामी, बसा."

थोरल्यांनी हे ऐकलं नसेल असं नाही. ते तिथून हात-दोन हातांवर असत. पण त्यांनी त्या माणसांना कधी काही सांगितलं नाही आणि धाकट्यांनाही सांगू दिलं नाही.

पूर्ण कोणीच पाहिलं नाही. रिक्षा येई, रिपोर्ट येई, किल्ली मिळे, जेवणाची हाक येई. कित्येकदा वीज जाई. वीज गेली की यंत्रातलं सगळं पुसलं जाई आणि पुन्हा कॅसेट, पुन्हा किंचाळणं, पुन्हा पहिला ठिपका. मी स्वतः अनेकदा निश्चय करून बसलो. मी मोजणीत धरला जाणार नव्हतो, कारण त्यांचा उद्देश मला माहीत होता. तरीही कधी अर्ध्याच्या पुढे गेलो नाही.

त्या पावसाळ्यात धाकट्यांनी व्हिडिओ प्लेअरचा विषय काढला. समोरच्या हॉटेलात आला होता. दिवसभर सिनेमे लावत आणि लोक तिकडे वळत होते. पण धाकट्यांचा मुद्दा केवळ धंद्याचा नव्हता.

"दादा, ज्याचा बाप तिकडं टेबलावर पडला आहे, त्याले इथं तीन घंटे बसावं लागते. त्याचं मन कुठंतरी गुंतवलं पाहिजे का नाही? तुझ्या रेघेत कोणाचं मन गुंतते?"

"गुंतेल."

"कधी?"

थोरल्यांनी चष्म्यांच्या दोऱ्या सोडवायला घेतल्या. मग ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. एका माणसानं पूर्ण पाहिलं, तर चित्र राहील. नाही पाहिलं, तर तुझी मशीन आण. मी कॅसेट उचलून घेईन, पुन्हा लावणार नाही."

"पाहिलं का नाही, हे ठरवायचं कोणी?"

"तूच ठरव."

धाकटे म्हणाले, ठीक आहे. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. दादा शब्द फिरवत नाही, हे त्यांना माहीत होतं. हरला तर दुसऱ्या दिवशी वायर काढलेली असेल, आणि मग दिवसभर तो त्या खुर्चीत काय करेल, हा प्रश्न त्यांच्यापुढेच येणार होता. बहुधा त्यामुळे नवरात्र संपल्यापासून ते गंभीर दिसू लागले. दसरा गेला. कोजागिरी गेली. एक शिक्षक दोन तृतीयांश चित्र पाहून लघवीला उठले आणि येताना रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाशी बोलत बाहेरच राहिले. थोरले त्या दिवशी जेवले नाहीत.

दिवाळीला आठवडा उरला असताना वणीकडचं एक कुटुंब आलं. कापडाचे दुकानदार, त्यांची बायको आणि मोठा मुलगा. दुकानदारांच्या पोटाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात एकानेच थांबायचं होतं. बाईंचं ब्लडप्रेशर वाढलेलं, म्हणून मुलाने त्यांना हॉटेलातच ठेवलं. ऑपरेशन झालं की तो काउंटरवर फोन करणार होता.

त्या पन्नाशीच्या असतील. नेटकं नऊवारी लुगडं, हातात रुमाल. फोन दिसेल अशा बेताने पहिल्या सोफ्यावर येऊन बसल्या. थोरल्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणासाठी थांबले?"

"मालकासाठी," त्या म्हणाल्या. "आत नेलं आहे त्यायले."

थोरल्यांनी मान हलवली. कॅसेट भरून झालेली होती. ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि पहिला ठिपका आला. मी दाराजवळच्या सोफ्यावर पेपर वाचत होतो.

अर्धा तास मी लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते धाकट्यांमुळे. लॉबीत चार माणसं सामान घेऊन मोठ्याने बोलत शिरली होती आणि बाईंच्या समोरून जिन्याकडे निघाली होती. धाकटे काउंटर सोडून सहसा बाहेर येत नसत. ते आले, त्या चौघांना भिंतीच्या कडेने वळवून वर घेऊन गेले आणि घाईने परत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंचा चहा टीपॉयवर थंड झाला होता. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

फोन वाजला. बाई उभ्या राहिल्या. कोणीतरी खोलीची चौकशी करत होतं. "नंतर करा," एवढं बोलून धाकट्यांनी फोन ठेवला. बाई खाली बसल्या. डोळे पुन्हा पडद्यावर, रेघ जिथे होती नेमके तिथे. आणखी एकदा फोन वाजला. तोही दुसराच निघाला. धाकट्यांनी तो आणखी लवकर ठेवला. एकदा दिवे मंद झाले आणि पुन्हा नीट लागले. धाकट्यांनी मीटरच्या पेटीकडे असं पाहिलं, की जणू ती त्यांचं ऐकेल. पैज ज्याच्याशी होती तोच आता पहारा देत होता.

थोरले हलले नाहीत. जाकिटाच्या खिशात हात घालून ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत बसले होते. त्यांच्या मागे रेघ वरच्या ओळी संपवून खाली उतरली, पिवळी झाली, केशरी झाली. बाईंचे ओठ हलत होते. शेवटच्या दोन ओळी उरल्या तेव्हा त्यांनी रुमाल दोन्ही हातांत घट्ट धरला. रेघेने शेवटच्या ठिपक्याला वळसा घातला, डावीकडच्या कोपऱ्याकडे आली आणि थांबली.

बाई तशाच बसून राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मला वाटलं, चक्कर येत असेल. धाकटे पाण्याचा पेला घेऊन निघाले आणि तेवढ्यात फोन वाजला.

धाकट्यांनी ऐकलं, आणि तिथूनच म्हणाले, "बाई, झालं ऑपरेशन. चांगलं झालं. शुद्धीवर येऊन राहिले."

बाईंनी डोळे मिटले. मग पेल्यातलं पाणी प्यायल्या, आणि त्यानंतर थंड चहाही प्यायल्या. कप खाली ठेवून त्या थोरल्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुमची रेघ पोचत नाही."

"कोणती?"

"हेच. कोपऱ्यातून निघाली होती ना. तिथंच परत याची होती. बोटभर राहिली पाहा."

थोरले खुर्चीत वळले. त्यांनी लांबचा चष्मा लावला, मग काढून जवळचा लावला. उठून पडद्याशी गेले. रेघेचं एक टोक आणि दुसरं टोक यांच्यामध्ये बोटभर काळी जागा होती. जाळं इतकं दाट झालेलं, की सुरुवात कुठून झाली हे ज्याने पाहिलं नाही, त्याला ती जागा सापडली नसती. इतके महिने ते चित्राकडे पाठ करून बसले होते. मागच्या खोलीत त्यांनी थोड्या ठिपक्यांवर ते तपासलं होतं आणि तिथे रेघ जुळत होती.

"मी कौल लावला होता मनात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता साधा होता, बाजारातली गोष्ट सांगावी तसा. "म्हटलं, रेघ घरी पोचली तर मालक वाचले. मंग ती थांबली. मी म्हटलं, संपलं." त्यांनी रुमालाची घडी केली. "दवाखान्यात जाऊ देतील का आता मले?"

धाकट्यांनी रिक्षा बोलावली.

त्या गेल्यावर दोघा भावांत जे बोलणं झालं, ते मी जसंच्या तसं देतो, कारण त्यात दोघांच्या बाजू बदललेल्या होत्या.

"जिंकला तू," धाकटे म्हणाले. "पूर्ण पाहिलं तिनं. मी साक्षी आहे."

"चित्र पूर्णच नव्हतं. पूर्ण पाहिलं कसं म्हणतो?"

"जेवढं होतं तेवढं पाहिलं ना."

"पैज पूर्णाची होती. मी हरलो. तुझी मशीन आण."

"मी नाही आणत."

"तुझा शब्द होता."

"ठरवायचं मी होतं. मी ठरवलं. तू जिंकला."

"तू पाहिलं का तिच्या तोंडाकडं, रेघ थांबली तेव्हा?" थोरल्यांनी विचारलं. "मी पाहिलं. मी समोरच होतो."

थोरल्यांनी वायर काढली, यंत्र कापडात गुंडाळलं आणि मागच्या खोलीत नेलं.

दिवाळीला टीव्ही बंद होता. व्हिडिओ प्लेअर आला नाही. दिवसा सेटवर धाकट्यांनी भरतकामाचं कापड टाकून ठेवलं. कोणी विचारलं तर ते सांगत, "काम चालू आहे."

चूक कुठे होती, ते थोरल्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. यंत्र दर वळणावर दशांश चिन्हानंतरचा शेवटचा बारीक तुकडा सोडून देई. एका वळणाला तो दिसत नाही. थोड्या ठिपक्यांतही दिसत नाही. हजार वळणांनंतर तो बोटभर होतो. उपाय एकच: दशांश टाकून सगळी आखणी पूर्ण आकड्यांत नव्याने करायची. पण यंत्राची जागा अपुरी होती. एक ओळ वाढवली की दुसरीकडची काढावी लागे. हिवाळाभर त्यांच्या खोलीतून टेपचं किंचाळणं येत राहिलं. लॉबीतली खुर्ची रिकामी असे, आणि येणाऱ्या माणसांना 'कोणासाठी थांबले' हे आता धाकटे विचारू लागले होते. ते बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

होळीच्या पुढे वणीहून फोन आला. दुकानदारांना दाखवायला आणायचं होतं, एक खोली हवी होती. धाकट्यांनी ते मागच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून थोरले रात्रीचं जेवण खोलीतच मागवू लागले. ज्या सकाळी ते लोक यायचे होते, त्या सकाळी थोरल्यांनी सेटवरचं कापड स्वतः काढून त्याची घडी घातली, यंत्र जोडलं आणि कॅसेट लावली. आचारी अंगणात गेला.

बाई आल्या त्या नवऱ्याला धरून. दुकानदार वाळले होते, पण चांगले चालत होते आणि चालण्यापेक्षा जास्त बोलत होते. डॉक्टरांची वेळ दुपारची होती. दोघं पहिल्याच सोफ्यावर बसली. थोरल्यांनी या वेळी काही विचारलं नाही. त्यांनी नमस्कार केला, टीव्हीशेजारच्या आपल्या खुर्चीत बसले आणि पहिला ठिपका आला.

बाई नवऱ्याकडे वळून बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं.

"दुकानात पोरगा उधारी देत असन," दुकानदार म्हणाले.

"देऊ द्या. तुमी संत्रं खा."

"आंबट आहे."

"डॉक्टरनं काय सांगितलं तुमाले?"

"डॉक्टरले काय, त्याले खा लागते का?"

असंच चाललं होतं. मुलाचं लग्न, नळाचं पाणी, शेजाऱ्याची भिंत. एकदा दुकानदारांनीच पडद्याकडे बोट केलं. "हे काय लावून राहिले?"

"रेघ आहे ते," बाई म्हणाल्या. मान वळवून त्यांनी एक क्षण पाहिलं. "गेल्या वेळी मी पाहिली." आणि त्या पुन्हा संत्र्याकडे वळल्या.

थोरल्यांनी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, उठण्याच्या बेतात आल्यासारखे. मग ते मागे टेकून बसले. त्यांचे डोळे त्या दोघांवर होते. बाईंनी फोडीची बी काढून फोड नवऱ्याच्या हातावर ठेवली. नवऱ्याने तोंड वाकडं करून ती खाल्ली आणि तो काहीतरी बोलला. बाई हसल्या. तोंडावर पदर धरून, बराच वेळ.

काउंटरमागे धाकटे उभे होते. ते पडद्याकडे पाहत होते. सव्वा तास होत आला, तरी त्यांनी एकदाही दुसरीकडे पाहिलं नव्हतं. मी दारात होतो. रेघ खाली उतरली, केशरी झाली, शेवटच्या ठिपक्याला वळली, कोपऱ्याकडे आली आणि आपल्या पहिल्या टोकात जाऊन मिळाली. मध्ये जागा उरली नाही.

"दादा," धाकटे म्हणाले, "पोचली गा."

थोरल्यांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी हाताने भावाला खूण केली.

"हळू बोल," ते म्हणाले. "ते बोलून राहिले."